उघड्या खाणीची भिंत सरकू लागली तर: मोजमाप, इशारा आणि माणसे हलवण्याची वेळ

उघड्या खाणीची मोठी भिंत सहसा न सांगता कोसळत नाही. आधी माथ्यावर केसाएवढी भेग पडते, कोरड्या दिवसांतही बेंचच्या, म्हणजे भिंतीत कापलेल्या पायरीच्या, पायथ्याशी ओल दिसते, शांत वेळी खडे सुटल्याचा आवाज येतो. चिलीतल्या चुकिकामाता या तांब्याच्या खाणीत १९६९ साली, जानेवारीच्या मध्यावरच हालचालीचा आलेख पुढे वाढवून १८ फेब्रुवारी ही तारीख काढली होती. भिंत त्याच दिवशी कोसळली. तेव्हा रडार नव्हते, नियमितपणे घेतलेली मापे होती. आजची यंत्रे मिलिमीटरचा अंश टिपतात. तरीही माणसे अडकतात, कारण आकडा आल्यावर कोणी काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले नसते.

आधी बेंच नीट हवेत

निरीक्षण हा खराब आराखड्यावरचा उतारा नव्हे. वरून सुटलेला दगड अडवायला प्रत्येक बेंचवर पुरेशी रुंद पट्टी, म्हणजे बर्म, लागते. त्यासाठी रूढ सूत्र असे: बेंचच्या उंचीची ०.२ पट अधिक ४.५ मीटर. १५ मीटर उंचीच्या बेंचला ७.५ मीटर बर्म आली. बेंचचा चेहरा, म्हणजे तिची उभी बाजू, ७० अंशांत कापला तर तो आडवा साधारण ५.५ मीटर जागा घेतो. मिळून १३ मीटर, आणि भिंतीचा एकूण कोन सुमारे ४९ अंश. पण तेवढा कोन खडकाला झेपतो का, हे सांध्यांची आणि स्तरभंगांची दिशा पाहूनच ठरते. सांधे खाणीच्या पोकळीकडे झुकलेले असतील आणि कापलेल्या चेहऱ्याचा उतार त्यांच्यापेक्षा जास्त उभा असेल, तर खालचा आधार कापला जातो आणि वरचा थर सरकायला मोकळा होतो.

कागदावरची ७.५ मीटर जमिनीवर क्वचितच उरते. शेवटच्या ओळीतल्या सुरुंगांत दारू जास्त झाली की कडा मागे फुटते. दोन मीटर कडा गेली तर बर्म ५.५ मीटरवर येते, आणि त्यावर मलबा साचला की ती दगड अडवण्याऐवजी पुढे उडवते. म्हणून अंतिम भिंतीजवळ प्री-स्प्लिटची, म्हणजे कडेची रेघ आधीच फोडून घेणाऱ्या जवळजवळच्या भोकांची, ओळ आधी उडवा, शेजारच्या ओळींचा भार कमी ठेवा, आणि सैल दगड यंत्राने पाडल्याशिवाय खालच्या बेंचचे काम सुरू करू नका. ड्रोनने दर महिन्याला बर्मची खरी रुंदी मोजा. ड्रोनचे हे काम उत्तम. तात्काळ इशाऱ्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

पाण्याचा जोर

भेगेत साचलेले पाणी भिंत ढकलते, आणि हा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. १० मीटर खोल भेग पाण्याने भरली तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ४९० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५० टन वजनाएवढा रेटा बसतो. २० मीटरला तोच चौपट. शिवाय सरकण्याच्या पृष्ठावरचा पाण्याचा दाब घर्षण कमी करतो तो वेगळाच.

त्यामुळे भेग दिसली की पहिले काम तिच्यात पाणी जाऊ न देणे. तिच्या वरच्या अंगाला चर काढा, भेगेचे तोंड चिकणमातीने बुजवा, पण मापाच्या जागा मोकळ्या ठेवा. पायथ्यातून भिंतीत आडवी निचरा-भोके मारा. ती आत जाताना साधारण ५ अंश वर चढती हवीत, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येते. भोकातून पाणी येणे थांबले म्हणजे भिंत कोरडी झाली असे लगेच धरू नका. गाळाने भोक बुजले असू शकते, आणि हा फरक पिझोमीटर, म्हणजे खडकातल्या पाण्याचा दाब मोजणारे यंत्रच सांगते.

भेग मोजण्याची साधी रीत

भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लोखंडी खुंट्या पक्क्या रोवा, भेगेपासून किमान मीटरभर दूर, म्हणजे कडेचा सैल भाग माप बिघडवणार नाही. खुंटीच्या डोक्यावर छिन्नीने बारीक खूण करा. चौकोनाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. बाजूंवरून भेग किती उघडली ते कळते, कर्णांवरून ती आडवी घसरते आहे का ते कळते. लेव्हल या सर्वेक्षणाच्या यंत्राने उंचीतला फरकही घ्या. माप रोज एकाच वेळी, एकाच टेपने, तेवढ्याच ताणाने घ्यावे. पोलादी टेप पाच मीटरवर २० अंश तापमानफरकाने मिलिमीटरहून थोडी जास्तच वाढते, आणि सुरुवातीची हालचाल नेमकी तेवढीच असते. वेग वाढू लागला की टेप घेऊन तिथे माणूस पाठवणे बंद. पुढचे माप दुरूनच.

प्रिझम आणि रडार

प्रिझम, म्हणजे मोजणीचा किरण परत पाठवणारी भिंतीवर बसवलेली काच, सरकणाऱ्या भागावर हवेत तसेच त्याच्या बाहेरही हवेत. त्याखेरीज पक्क्या जमिनीवर किमान तीन संदर्भ प्रिझम ठेवा. प्रिझमकडे रोखून कोन आणि अंतर मोजणाऱ्या टोटल स्टेशन या यंत्राच्या कोनातली एक सेकंदाची (अंशाच्या ३६०० व्या भागाची) चूक एक किलोमीटरवर सुमारे ५ मिलिमीटर होते. हवेच्या तापमानातली एका अंशाची चूक त्याच अंतरावर सुमारे १ मिलिमीटर होते. दुपारी भिंत पुढे आणि पहाटे मागे गेल्यासारखी दिसत असेल, तर ती भिंत नाही, दुरुस्ती न केलेली हवा आहे. संदर्भ प्रिझमही त्याच लयीत हलताना दिसतील.

रडार काही मिनिटांत पूर्ण भिंत पाहते, पण फक्त आपल्या नजरेच्या रेषेतली हालचाल मोजते. सरकण्याची दिशा आणि ही रेषा यांत ६० अंशांचा कोन असेल तर निम्मीच हालचाल दिसते. म्हणून जागा निवडताना वीज-रस्त्याच्या सोयीआधी भिंत कुठल्या दिशेला सरकेल ते बघा. दुसरी अडचण वेगाची. १७ गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी सुमारे १७.६ मिलिमीटर. दोन स्कॅनमध्ये तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे ४.४ मिलिमीटरहून जास्त हालचाल झाली तर यंत्राचा हिशेब चुकतो, आणि वेगाने येणारी भिंत हळू किंवा उलटी सरकताना दिसू शकते. पाच मिनिटांचा स्कॅन असेल तर ही मर्यादा ताशी ५३ मिलिमीटरच्या आसपास येते. वेग वाढला की स्कॅनचे क्षेत्र लहान करून वेळ कमी करा.

इशारा रडारच्या चित्रातल्या एका ठिपक्यावर लावू नका. लागून असलेल्या ठिपक्यांचा गट ठरावीक वेळ सरकला तरच भोंगा वाजावा. खोट्या भोंग्यांना कंटाळून कोणी आवाज बंद केला, तर रडार असून नसल्यासारखे.

वेळेचा अंदाज

जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ साली मांडलेली व्यस्त-वेगाची पद्धत खाणीत रोज वापरता येते. वेगाचा व्यस्तांक (१ भागिले वेग) काढायचा आणि वेळेसमोर मांडायचा. समजा वेग असा आला: सकाळी १० वाजता ताशी २ मिलिमीटर, दुपारी २ वाजता २.५, संध्याकाळी ६ वाजता ३.३, रात्री १० वाजता ५. व्यस्तांक ०.५, ०.४, ०.३, ०.२. दर चार तासांना ०.१ कमी, म्हणजे रेषा सकाळी ६ वाजता शून्याला टेकते. ही कोसळण्याची अंदाजी वेळ झाली. माणसे हलवण्याची वेळ तिच्या बरीच आधी, कारण पाऊस किंवा ठिसूळ खडक ती अलीकडे आणू शकतात.

वेग काढताना फार थोड्या वेळाची सरासरी घेतली तर आलेख नुसता थरथरतो, फार लांब घेतली तर खरी वाढ उशिरा दिसते. दोन-तीन कालावधी एकाच वेळी चालू ठेवा. पायथ्याचे खोदकाम थांबवल्यावर रेषा वर वळली तर भिंत सावरते आहे. सरळ खालीच जात राहिली तर थांबू नका.

पातळ्या आणि अधिकार

हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल अशा इशाऱ्याच्या पातळ्या बहुतेक ठिकाणी असतात. दुसऱ्या खाणीचे आकडे मात्र उचलू नका. कठीण, ठिसूळ खडक काही सेंटिमीटर हालचालीत तुटतो, तर मऊ, झिजलेला खडक मीटरभर सरकूनही टिकतो. पिवळ्याला मापांची वारंवारता वाढवा. नारिंगीला पायथ्याचे खोदकाम आणि सुरुंग बंद करा, यंत्रे बाहेर काढायला घ्या. लालला सगळी माणसे बाहेर, रस्ता बंद, प्रत्येकाची हजेरी. लाल इशारा देण्याचा अधिकार पाळीवरच्या पर्यवेक्षकाला लेखी हवा, वरच्यांना फोन नंतर. रात्री दोन वाजता कोणी परवानगी शोधत बसता कामा नये.

धोक्याची हद्द आखताना मलबा किती दूर जाईल हे हात राखून धरू नका. अमेरिकेतल्या युटामधील बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी दोन प्रचंड दरडी, सुमारे दीड तासाच्या अंतराने, कोसळल्या. हालचाल आधीच टिपली होती, माणसे वेळेवर बाहेर होती, कोणालाही इजा झाली नाही. खाणीतली अवजड यंत्रे मात्र मलब्यात सापडली. पहिली दरड आली म्हणून जागा मोकळी झाली असे समजून कोणी तासाभरात आत गेले असते, तर दुसरी त्यांच्यावर आली असती.

परत आत जाताना आधी रडारचा वेग मूळ पातळीवर येऊन स्थिर राहिला पाहिजे, मग नव्या चेहऱ्याचे ड्रोनने सर्वेक्षण, मग दूरनियंत्रित यंत्राने सैल दगड काढणे, आणि शेवटी माणूस, तोही दिवसाउजेडी. गेलेले प्रिझम लगेच नव्याने बसवा, कारण दरडीच्या माथ्यामागे नवी भेग पडलेली असू शकते.