टॅटू लिहिताना एक, मुळात तीन: इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

एका इंग्रजी शब्दाचे एकमेकांशी अजिबात न जुळणारे अर्थ दिसले की ओढूनताणून नातं जोडत बसू नका, आधी मोठी डिक्शनरी उघडा आणि शब्दाला चिकटून बारीक 1, 2, 3 असे आकडे आहेत का बघा. असले तर ते वेगवेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग सेम.

टॅटूच घ्या. कळंगुट-बागाला पाट्या लागतात तो टॅटू पॅसिफिकमधल्या ताहितीचा, मूळ 'तताउ', कॅप्टन कुकने 1769 मध्ये तिथे ऐकून लिहून ठेवला. (आपल्याकडे गोंदण कधीपासूनचं आहे ते सोडाच.)

दुसरा लष्करातला, हा डच. 'टॅप टू' म्हणजे पिंपाचा नळ बंद, रात्री ढोल वाजला की गुत्तेवाल्याने बियर थांबवायची आणि सैनिकांनी मुकाट बराकीत जायचं. 1644 चा नॉटिंगहॅमचा हुकूम आहे, रात्री 9 चा टॅप-टू वाजल्यावर कोणी गुत्त्यात पीत सापडला तर त्याची खैर नाही. गोव्यात असा ढोल वाजवून दाखवाच कोणीतरी! पुढे त्याचाच कवायत-बँडचा सोहळा झाला, एडिंबराचा 1950 पासून चालू आहे, आणि नुसती टेबलावर बोटं वाजवत बसलं तरी इंग्रजीत त्याला 'डेव्हिल्स टॅटू' म्हणतात.

तिसरा टॅटू म्हणजे चक्क आपलं तट्टू! युल आणि बर्नेलच्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सनमध्ये, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीच्या कोशात, सापडेल, साहेब लोक तर नुसतं 'टॅट' म्हणायचे.

आता सालं बघून लगेच निकाल देऊ नका. ढोल 1644 चा, गोंदण 1769 चं, म्हणून सुईच्या टकटकीवरून ढोलाचाच शब्द कातडीला लावला असं कोणीही ठोकून देईल. पण कुक तो तिथल्या लोकांचा शब्द म्हणून लिहितो, आणि सामोआतही 'तताउ'च म्हणतात, म्हणजे विषय संपला. साल आणि शेजारच्या भाषा दोन्ही तपासायच्या, नुसती गोष्ट झकास आहे म्हणून मान डोलवायची नाही.

मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन फुकट आहे. पोर्तुगीज वास आला तर आपल्याच आसगावात जन्मलेल्या मोन्सिन्योर दालगादोंचा 1919-21 चा ग्लोसारियो (पोर्तुगीजमधला शब्दकोश) बघा, पोर्तुगीज येत नसेल तर पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत कोणाला तरी विचारा. पोर्तुगीज बाजूही बघणं महत्त्वाचं कारण इंग्रजीतला 'आया' आपल्याकडून गेला असं वाटतं, आणि निघतो पोर्तुगीज 'आइया', मुलं सांभाळणारी बाई.