तोस्कानाच्या ग्रामीण भागात मुक्कामाचे गाव निवडताना

इटलीतील तोस्काना (टस्कनी) प्रांतात मुक्कामाचे गाव ठरवण्यापूर्वी आपण गाडी चालवणार आहोत की बस-रेल्वेने फिरणार आहोत, याचा निर्णय आधी घ्यावा. गाडी नसेल तर सिएना हे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. तेथून फिरेंझेला (फ्लॉरेन्सला) सुमारे दीड तासात जाता येते आणि स्वतःचे रेल्वे स्थानक नसलेल्या सान जिमिन्यानोलाही पोज्जिबोन्सीमार्गे बसने पोहोचता येते. मात्र रविवारी ग्रामीण बस फारच कमी असतात, म्हणून लांबची सहल त्या दिवशी ठेवू नये. स्थानकाचे नाव पाहूनही फसू नये, कारण मोंतेपुल्चानो हे गाव डोंगरावर असून त्याच नावाचे स्थानक कित्येक किलोमीटर दूर आहे.

गाडी असेल तर २००४ साली जागतिक वारसा ठरलेल्या वाल दोर्चा या खोऱ्यातील पिएंझा गावाजवळचे एखादे शेतघर माझ्या मते अधिक सुखाचे, कारण तेथून मोंताल्चिनो आणि मोंतेपुल्चानो दोन्ही जवळ पडतात. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा. जुन्या गावांच्या प्रतिबंधित वाहतूक क्षेत्रात कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस अनेकदा घरी परतल्यावर येते. म्हणून गाडी तटबंदीबाहेरच लावावी.