हार्ड डिस्कच्या खणांसाठी साटा पॉवर केबल मापात कशी आणावी

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. त्याच्यासोबत येणाऱ्या, डिस्कना वीज देणाऱ्या चार कनेक्टरच्या साटा पॉवर केबलवर दोन कनेक्टरमध्ये बहुधा १५ सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं. कॅबिनेटच्या खणांत मात्र एका डिस्कपासून दुसरी डिस्क तीन-चार सेंटिमीटरवर असते. उरलेल्या वायरीचा प्रत्येक डिस्कमागे एक कडक फुगा होतो. बाजूचं झाकण लावलं की तो दाबला जातो आणि सगळा ताण डिस्कच्या कनेक्टरमधल्या पातळ प्लॅस्टिकच्या जिभेवर येतो. ती जीभ तुटली, तर आतला डेटा शाबूत असूनही डिस्क हाताशी राहत नाही. म्हणून हे काम मला नुसत्या दिसण्यापुरतं वाटत नाही.

यासाठी एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर धोकादायक दाबाचा चार्ज धरून ठेवू शकतात. वेगळी निघणारी केबल असेल तर ती पूर्ण काढून टेबलावर घ्या. ती त्याच एसएमपीएसची असली पाहिजे. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची वायर-रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. दुसऱ्याची केबल ‘बसली’ म्हणून लावल्यामुळे डिस्क जळतात. केबल डब्यातूनच निघत असेल तर तिला हात लावल्यावर वॉरंटी गेली असं समजा.

आता वायरी ओळखा. केबलीत बहुधा पाच वायरी असतात: नारिंगी ३.३ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट आणि दोन काळ्या ग्राउंडच्या. क्रम असा: नारिंगी, काळी, लाल, काळी, पिवळी. डिस्कवर डेटा केबलीच्या शेजारी नारिंगीची बाजू येते, पिवळी सर्वांत लांब. हल्ली बऱ्याच केबलींत सगळ्याच वायरी काळ्या असतात. तेव्हा कनेक्टर काढण्याआधीच प्रत्येक वायरीवर रंगीत टेपचा तुकडा लावा. क्रम उलटा झाला तर १२ व्होल्ट थेट ३.३ व्होल्टच्या पिनांवर जातात. या कामातली सगळ्यांत महाग चूक हीच.

डिस्क खणात बसवूनच माप घ्या, कागदावर अंदाज बांधू नका. खणांमधलं अंतर ३.५ सेंटिमीटर असेल तर एक सेंटिमीटर ढील धरून ४.५ घ्या. ढील नसेल तर मधली एक डिस्क काढायला चारही कनेक्टर ओढावे लागतात.

एसएमपीएसकडून पहिला कनेक्टर जागेवरच ठेवा, बाकीचे त्याच्याकडे सरकवा. खुणा ४.५, ९ आणि १३.५ सेंटिमीटरवर येतील, म्हणजे जुन्या दुसऱ्या कनेक्टरच्या जागेच्या अलीकडेच. हे महत्त्वाचं आहे, कारण या कनेक्टरच्या आतली धातूची पाती वायरीचं आवरण कापून तांब्याला धरतात. कनेक्टर काढला की तिथे उघडी चीर राहते. या मापात सगळ्या चिरा कापून टाकायच्या तुकड्यात जातात. खण एकमेकांपासून जास्त लांब असतील तर केबलवर तीनच डिस्क घ्या, किंवा चिरेवर हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी) चढवा. मात्र कापण्याआधी पहिला कनेक्टर डिस्कला लावून पाहा. उरलेली केबल पुढच्या डिस्ककडेच वळली पाहिजे. उलट दिशेला जात असेल तर त्यालाही काढून वायरींच्या दुसऱ्या अंगाने बसवावं लागेल, क्रम तोच ठेवून.

कनेक्टरच्या पाठीवरचं झाकण बारीक स्क्रूड्रायव्हरने उचला आणि वायरी नोज प्लायरने एकेक करून सरळ वर ओढा. जुने कनेक्टर परत वापरता येतात, पण पाती सैल झालेली असू शकतात. मी नवेच घेतो. १८ गेज वायरीसाठीचे, दाबून बसवायचे आणि वायर आरपार जाणारे हवेत. पाचही वायरी खाचांत ठेवून झाकण लावा आणि लहान बेंच व्हाइसमध्ये सावकाश, सपाट दाबा. पक्कडीने एका कडेला जोर जास्त पडतो आणि दुसरीकडची वायर अर्धीच बसते. शेवटच्या कनेक्टरपाशी उरलेल्या वायरी कडेला सपाट कापा, टोकावर बंद झाकण बसवा.

नारिंगी वायर ठेवावी का? ३.५ इंची हार्ड डिस्कना ती सहसा लागत नाही. उलट २०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ या आवृत्तीपासून नारिंगी वायरीवरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरता येते. त्यामुळे एक्स्टर्नल डब्यातून काढलेल्या काही डिस्क साध्या केबलवर सुरूच होत नाहीत. अशा डिस्क असतील तर नारिंगी वायर पहिल्या कनेक्टरपासूनच काढा आणि तिचं टोक नीट झाका.

केबल सुटी असतानाच मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर, लावा. प्रत्येक वायर चारही कनेक्टरमध्ये त्याच जागी वाजली पाहिजे आणि शेजारच्या वायरीशी वाजता कामा नये. मग केबल एसएमपीएसला जोडा आणि डिस्क न लावता व्होल्टेज बघा: पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५. चारही कनेक्टर तपासा. यानंतरही पहिली डिस्क टाकाऊच लावा.

सुरू होताना एक ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर जवळपास दोन अँपिअर ओढते, म्हणून एका केबलवर चारपेक्षा जास्त जोडू नका. पाचवी डिस्क असेल तर एसएमपीएसच्या दुसऱ्या सॉकेटवरून नवी केबल घ्या.