सामाजिक उद्योगात नोकरी शोधताना आधी विचारण्याचा प्रश्न

सामाजिक उद्योगातल्या, म्हणजे समाजाची एखादी अडचण सोडवण्यासाठी व्यवसायाच्या पद्धतीने चालणाऱ्या संस्थेतल्या, माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याच्या अखेरीस एक अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. घरगुती पाणी शुद्ध करण्याची किती यंत्रे बसवली आणि किती लोकांना लाभ झाला, एवढेच त्यात लिहायचे असे. दुसरा आकडा पहिल्याला पाचाने गुणून मिळे, कारण एका घरात सरासरी पाच माणसे धरलेली होती. वर्षभराने जुन्या यंत्रांच्या पाहणीला गेलो, तेव्हा मी पाहिलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांत यंत्र बंद होते. आतली गाळणी बदलण्याची वेळ केव्हाच उलटून गेली होती आणि नवी कुठे मिळते हे कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या अहवालात मात्र ती सगळी माणसे अजूनही शुद्ध पाणी पीत होती.

यात कोणाची लबाडी नव्हती. यंत्राचे पैसे देणगीदार देत होता आणि वापर करणारे दुसरेच होते. नेहमीच्या धंद्यात वस्तू निकृष्ट निघाली की ग्राहक पुन्हा फिरकत नाही आणि चूक आपोआप लक्षात येते. येथे पैसे देणाऱ्याला बंद यंत्र दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याचे म्हणणे हिशेबात येत नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी ही फट ओळखायला शिकावे, असे माझे मत आहे. बाकीची कौशल्ये काम करता करता येतात.

दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’ हा या फटीचा बोलका नमुना आहे. मुले गोल चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी टाकीत चढेल, ही कल्पना ऐकणाऱ्याला चटकन भुरळ घालणारी होती. २००० साली तिला जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला आणि २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलरचे साहाय्य जाहीर झाले. मुले कंटाळली की ते जड चक्र मोठ्यांनाच, बहुधा बायकांनाच, हातांनी ढकलावे लागे, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती गावात होण्यासारखी नसे. साधा हातपंप बरा होता, असे वापरणाऱ्यांनीच सांगितले, पण तोवर पैसे खर्च झाले होते.

याउलट १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडे पाहावे. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत रुग्णांचा खर्च निघतो, त्यामुळे पैसे देणारा रुग्ण समाधानी राहिला नाही तर मोफत सेवाही थांबेल, हे तेथे सर्वांना माहीत असते. शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची आयात केलेली कृत्रिम भिंगे परवडेनात, तेव्हा १९९२ मध्ये संस्थेने ‘ऑरोलॅब’ काढून ती स्वतःच बनवायला घेतली. केनियातल्या ‘एम-कोपा’ने सौरदिवे मोबाईलवरून भरायच्या छोट्या हप्त्यांवर दिले, हप्ता थांबला की यंत्र बंद होते. दिवा निकामी निघाला तर गिऱ्हाईक हप्ता भरणार नाही, त्यामुळे दुरुस्तीची निकड कंपनीलाच भासते. माझ्या दृष्टीने तेथली खरी कल्पकता दिव्यापेक्षा या हप्त्याच्या रचनेत आहे.

मात्र सगळे काही विक्रीवर चालावे, असा याचा अर्थ नाही. निर्वासितांच्या छावणीत किंवा पूर ओसरल्यानंतर लोकांकडून पैसे मागण्यात अर्थ नसतो. तेथे अनुदानच लागते. पर्यावरणाच्या कामात गुंता आणखी वाढतो, कारण स्वच्छ हवेचा लाभ सर्वांना होतो आणि तिचे पैसे द्यायला कोणीच पुढे येत नाही. ती जागा भरण्यासाठी कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे, आली. त्यातही मोजणीचा तोच जुना रोग शिरला: सुधारित चुलींच्या प्रकल्पांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्या प्रकल्पांनी घेतलेली क्रेडिट प्रत्यक्ष बचतीच्या सरासरी सुमारे नऊ पट असल्याचा अंदाज मांडला आहे. नवी चूल घरात आली तरी जुनी पेटतच राहते, आणि कागदावर ती विझलेली असते.

म्हणून मुलाखतीला जाताना ध्येयवाक्य पाठ करून जाण्यापेक्षा तुम्हीच काही प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षीच्या उत्पन्नात विक्रीचा वाटा किती आणि अनुदानाचा किती? दिलेली वस्तू वर्षभराने वापरात आहे का, हे कोण जाऊन पाहते? सुटे भाग कुठे मिळतात? पगार बाजारापेक्षा बहुधा कमीच असतो, त्याविषयी संकोच न करता बोलावे. त्यागाची भाषा करून हा विषय टाळणाऱ्या ठिकाणी दोन वर्षांत माणसे थकून निघून जातात, हे मी जवळून पाहिले आहे. हिशेब, पुरवठा आणि दुरुस्ती सांभाळणाऱ्यांची येथे नेहमीच टंचाई असते, तेव्हा केवळ ‘कार्यक्रम अधिकारी’ या पदाच्या मागे लागू नये.

दुसरी नोकरी शोधताना मी बंद पडलेल्या यंत्रांची यादी आहे का, असे सगळीकडे विचारत असे. बहुतेकांनी यशोगाथांची पुस्तिका हातात ठेवली. एका संस्थापिकेने काही न बोलता संगणक माझ्याकडे वळवला. यादीत शंभरावर नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे बिघाडाचे कारण व दुरुस्तीची तारीख होती. मी तिथेच रुजू झालो.