जुन्या शेतघराचे फिल्मवर फोटो कसे काढावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली जुनी शेतकरी घरं पाडून तिथं स्लॅब पडतोय. त्यांचे फोटो काढायचे तर पडकी भिंत आणि गंजलेली कडी टिपून भागत नाही. धान्य, जनावरं आणि पाणी त्या घरातून कसं फिरायचं, ते दिसलं पाहिजे.

पहिल्यांदा कॅमेरा न घेता जा. घरच्या आज्जींना विचारा: पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) कुठं होतं, खळं कुठं सारवायचे, बैल कुठल्या दारानं आत यायचे? फोटोंचा क्रम त्यातूनच ठरतो. परवानगीही तेव्हाच मागा. देवघराचा फोटो त्या 'घ्या' म्हणाल्या तरच.

याशिकामॅटसारख्या जुन्या कॅमेऱ्यात १२० चा रोल बसतो आणि चौरस फोटो फक्त १२ निघतात. मी ते असे वाटतो: ३ बाहेरून, ४ सोप्यात (पुढच्या ओसरीत) आणि गोठ्यात, २ परड्यात (घरामागच्या अंगणात), ३ विहिरीवर. मोटेची विहीर (बैलांनी कातडी मोट ओढून पाणी काढायची) असेल तर धाव (बैलांचा उतार) आणि थारोळं (मोट रिकामी व्हायची ते कुंड) एकाच फोटोत आलंच पाहिजे, नाहीतर बैल ओढत उतारावरून खाली का जायचे, हे बघणाऱ्याला कळत नाही.

खानापूरकडं पाऊस दांडगा, म्हणून जांभ्याच्या भिंती आणि उतरती कौलं. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं पाऊस कमी, तिथं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं. उतरत्या छपराचा एक फोटो बाजूनं घ्याच. आढं (छपराचा सगळ्यांत वरचा वासा) कापलं जात असेल तर मागं सरका. कॅमेरा वर वाकवला की खांब आत झुकतात.

दिवाळीनंतरचं सकाळचं तिरपं ऊन सगळ्यांत चांगलं, सारवलेल्या भिंतीवर बोटांच्या रेघा उठतात. ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मला कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/५०० सेकंद; कोवळ्या उन्हात एक-दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). नारिंगी फिल्टरनं लाल कौलं उजळतात, निळं आभाळ गडद होतं, पण दोनेक स्टॉप प्रकाश जातो.

गोठ्यात फ्लॅश नको, सगळं सपाट होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार) लावा आणि प्रकाश मोजायचा मीटर गव्हाणीच्या सावलीत धरा. लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते, म्हणजे प्रकाश कमी टिपते: मीटर १० सेकंद म्हणाला तर इलफर्ड एचपी ५ या ४०० आयएसओच्या फिल्मला सुमारे २० द्या.

निगेटिव्हच्या पाकिटावर गाव, तारीख, दिशा आणि त्या खणात (घराच्या त्या भागात) काय चालायचं ते पेन्सिलीनं त्याच दिवशी लिहा.