अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला मराठी वाचायला कसं शिकवायचं

आधी तीन सल्ले विसरून जा. 'रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्या', 'वाढत्या वयाबरोबर आपोआप येईल' आणि 'रंगीत काचांचा चष्मा लावून बघा'. पान लिहून मूल नक्कल करायला शिकतं, वाचायला नाही. वयाबरोबर अडचण वाढते, कारण वरच्या इयत्तेत सगळेच विषय वाचूनच शिकायचे असतात. आणि रंगीत काचांच्या उपयोगाला भक्कम आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्रित निवेदन काढून सांगितलं आहे. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमतेत, अक्षरं उलटी दिसतात हाही असाच एक पक्का गैरसमज. लहान वयात अक्षरं उलटी लिहिणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्यातली बहुतेक पुढे नीट वाचतात. खरी अडचण बहुतेक वेळा डोळ्यांत नसून शब्दातले आवाज सुटे ऐकण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते.

डोळे, कान आणि मानसशास्त्रीय चाचण्या हे सगळं झालं आहे, असं मी धरून चालते. हा लेख फक्त वाचनाबद्दल आहे.

अडलंय कुठे ते शोधा

एक गोष्ट मुलाला वाचून दाखवा आणि तिच्यावर प्रश्न विचारा. उत्तरं नीट आली, तर समज शाबूत आहे आणि अडचण अक्षरांपाशी आहे. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरने अशा मुलाचं जे सुरुवातीचं वर्णन लिहिलं, त्यातला मुलगा चौदा वर्षांचा होता. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याचे शिक्षक म्हणायचे. तरीही अजून अशा मुलांना आळशी म्हटलं जातं.

मग वाचायला द्या: सुटी अक्षरं, बिनकान्यामात्रेचे शब्द, स्वरचिन्हांचे शब्द, जोडाक्षरं. प्रत्येक गटात काही निरर्थक शब्द हवेतच: 'सकन', 'लामी', 'नुरे'. ओळखीचा शब्द मूल आकारावरून किंवा चित्रावरून ओळखतं आणि आपल्याला वाटतं वाचलं. निरर्थक शब्दाला अंदाज चालत नाही. धडा घडाघडा 'वाचणारी' कितीतरी मुलं 'लामी'पाशी गप्प होतात.

अक्षरं

वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. त्या क्रमात क-ख, ग-घ, ट-ठ असे सारख्या उच्चाराचे वर्ण शेजारी येतात आणि या मुलांचा गोंधळ नेमका तिथेच होतो. म, न, स, र, ल, क एवढ्यांपासून सुरुवात करा. मन, रस, सर, कर, नरम, कलम हे शब्द लगेच तयार होतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एकमेकांपासून लांब ठेवा. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं दाखवायचं नाही. क आणि ख मधला फरक कळत नसेल तर तोंडासमोर तळहात धरायला सांगा, ख म्हणताना हवा हाताला लागते.

शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बोलत नाही, म्हणून 'न-र-म' असं सुटं म्हटलं की मुलाला शब्द ओळखू येत नाही. नियम सांगत बसू नका. 'आता भरभर म्हण, असा शब्द कधी ऐकलायस का?' एवढंच विचारा.

काना, मात्रा, वेलांटी: इथेच गाडी अडते

मला सर्वांत जास्त छळलं ते या टप्प्याने, आणि बहुतेकांची शिकवणी इथेच फसते. मूल सगळी अक्षरं ओळखतं, 'कलम' वाचतं आणि 'कमी' म्हटलं की थांबतं. मग घरचे बाराखडी पाठ करून घेतात. मूल ती सुरात म्हणतंही. पण मधूनच 'ने' दाखवा. ते 'न, ना, नि, नी…' असं पहिल्यापासून मोजत येतं आणि मोजणी चुकली की काहीतरी भलतंच सांगतं. बाराखडी त्याला गाण्यासारखी पाठ असते, वाचता येत नसते. या टप्प्यावर बाराखडीचा तक्ता भिंतीवरून काढून ठेवा. मी हे सांगते तेव्हा लोकांना राग येतो, तरी काढाच.

असं का होतं ते बघा. 'कलम' वाचताना एका चिन्हाला एक आवाज जुळवला की भागतं. 'मी'मध्ये मात्र अक्षर एक आणि आवाज दोन आहेत, म् आणि ई. म मधला अ काढून तिथे ई बसवायचा असतो. इतर मुलं हे नकळत करतात. या मुलांना अक्षराच्या आत आवाज असतात हेच ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते चिन्हाने दाखवून काय उपयोग?

म्हणून आधी कागद-पेन्सिल बाजूला. दोन सोंगट्या घ्या. 'मी' म्हणा, पण ओढून: म्‌म्‌म्‌… ई. म् म्हणताना पहिली सोंगटी पुढे सरकवायची, ई म्हणताना दुसरी. मग मुलाने करायचं. सुरुवात म, न, स, ल यांनीच करा, कारण हे आवाज ओढता येतात. क, प, ट ओढता येत नाहीत. त्यांनी सुरुवात केली की मूल 'क… ई' म्हणतं आणि ते दोन तुकडे काही केल्या जुळत नाहीत. माझं गाडं कितीतरी काळ याच एका गोष्टीपायी अडलेलं होतं.

मग उलटं: 'सी' मधला स् काढला तर काय उरलं? 'मा' मधला आ काढून ई घातला तर? पहिली सोंगटी तशीच ठेवून दुसरी बदलायची: मा, मी, मे. नंतर दुसरी तशीच ठेवून पहिली बदलायची: मी, सी, नी, ली. हे चाचरत नाही तर पटापट यायला हवं. काही मुलांना आठवडे लागतात. घाई केलीत तर पुढचं सगळं कच्चं राहील.

आता अक्षर, पण एका वेळी एकच चिन्ह. आधी काना, आणि तोही जोडीने: मन–मान, रस–रास, सर–सार. दोन्ही शब्दांत काय बदललं ते मुलाने बोट ठेवून दाखवायचं. नंतर दुसरी वेलांटी. मराठी शब्दांच्या शेवटी बहुधा तीच येते, त्यामुळे शब्दांना तोटा नाही. मग मात्रा, काना-मात्रा, उकार. दोन मात्रा कमी लागतात, त्या मागून.

पहिली वेलांटी सगळ्यांत शेवटी. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि बोलली जाते नंतर, म्हणून मूल तिला मागच्या अक्षराला चिकटवतं आणि 'कविता'चं 'किवता' होतं. यावर उपाय असा: बोट आधी अक्षरावर ठेवायचं, मग वेलांटीच्या कमानीवरून मागे न्यायचं. लिहितानाही मी आधी अक्षर लिहायला लावते, वेलांटी नंतर. अक्षरांमधली जागा सुरुवातीला बिघडते. बिघडू द्या.

आणि 'म ला दुसरी वेलांटी मी' हा जप बंद करा. चिन्हाचं नाव आठवण्यातच मुलाची सगळी शक्ती जाते आणि शब्दाच्या शेवटापर्यंत पोचताना सुरुवात विसरलेली असते. त्याने आवाज म्हणायचा, चिन्हाचं नाव नव्हे.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या काळात अजिबात काढू नका. बोलण्यात तो फरक पुष्कळदा ऐकूही येत नाही, आणि लाल शाईने भरलेली वही पाहिली की मूल लिहिणंच सोडतं.

पुढचं सोपं आहे

सोंगट्यांचं काम पक्कं झालं असेल तर जोडाक्षरं फार त्रास देत नाहीत. फक्त र चे चार अवतार, म्हणजे सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या, वेगवेगळ्या आठवड्यांत घ्या.

श्रुतलेखन शिकवलेल्या चिन्हांचंच. रोज वीस-पंचवीस मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नाही. बाकीचे विषय वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. वाचन येईपर्यंत विज्ञान थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही. वर्गासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. परीक्षेत जादा वेळ मागायला लाजू नका.

एखादं चिन्ह झालं असं कधी म्हणायचं? त्या चिन्हाचे निरर्थक शब्द मूल न अडखळता वाचतं, मध्ये चार-पाच दिवस सुटी गेली तरी वाचतं, तेव्हा. सुटीनंतर विसरलं तर पुन्हा सोंगट्यांपासून, न रागावता. आणि तीन-चार महिने रोज बसूनही निरर्थक शब्दांत काहीच फरक पडत नसेल, तर तेच आणखी जोरात करू नका. प्रशिक्षित विशेष शिक्षकाकडे जा, आणि जाताना मुलाने काय वाचलं नि कुठे अडलं याची तारखांसकट वही घेऊन जा, म्हणजे त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.