गिअर-अप लँडिंग टाळायचं असेल तर

छोट्या विमानांत चाकं (गिअर) बाहेर न काढताच लँडिंग होतं ना, त्यात बऱ्याचदा बिघाड काहीच नसतो, पायलटचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) अचानक सर्किट, म्हणजे लँडिंगआधीची रनवेभोवतीची ठरलेली फेरी, बदलायला सांगितलं किंवा शेजारचा बोलत बसला की चेकलिस्ट मधेच तुटते. तुटली तर पहिल्यापासून सुरू करा, अर्ध्यावरून नाही.

डाऊनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेने जाताना) गिअर लिमिट स्पीडच्या, म्हणजे चाकं काढायला चालणाऱ्या कमाल वेगाच्या, आत आल्यावरच लिव्हर खाली करा, मग तीन हिरवे दिवे (प्रत्येक चाक खाली येऊन लॉक झाल्याची खूण) बघा आणि मोठ्याने म्हणा, एकटे असलात तरी. बेसला (रनवेकडे वळल्यावर) परत, फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत आल्यावर) परत. चाकं वर असल्याचा इशारा देणाऱ्या हॉर्नच्या भरवशावर राहू नका, तो साधारण थ्रॉटल (इंजिनची पॉवर) खूप मागे घेतल्यावर वाजतो, आणि लँडिंगच्या गडबडीत कान त्याला चक्क गाळून टाकतात.

एक दिवा लागलाच नाही तर? गो-अराउंड करा (लँडिंग सोडून परत वर जा), उंची घ्या, घाई अजिबात नको. आधी बल्ब तपासा, बऱ्याच विमानांत शेजारच्या दिव्याशी अदलाबदल करता येते, शिवाय नॅव्ह लाइट (पंख-शेपटीवरचे दिवे) चालू असेल तर काही विमानांत हिरवे दिवे मंद होतात आणि दिवसा दिसतच नाहीत. मग मॅन्युअलमधली इमर्जन्सी पद्धत. पायपर अ‍ॅरोमध्ये प्रेशर सोडलं की चाकं वजनाने खाली येतात, सेसना 172 आरजीत हातपंप मारावा लागतो. आपल्या विमानाचं काय ते जमिनीवरच पाठ करा.

आणि प्रॉपेलर रनवेला घासलाच तर पॉवर देऊन परत उडायचा प्रयत्न कृपया करू नका, विमान गेलं तर गेलं.